पैसा खर्ची पडला, वस्तू पडून राहिली

३१ मार्च ही तारीख बहुतेक घरांत फारशी कुणाच्या ध्यानात राहत नाही. मुलांच्या परीक्षा चालू असतात, पहिला हापूस बाजारात दिसू लागलेला असतो आणि उकाडा वाढलेला असतो, एवढेच. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचे मात्र तसे नसते. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी त्या रात्री मला अजून लवकर झोप लागत नाही. घड्याळात बारा वाजून गेले की मगच जिवाला बरे वाटते.

१९९० सालचा ३१ मार्च शनिवारी आला होता. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी कामकाज पाहणाऱ्या शाखेत अधिकारी होतो. कोषागाराने मंजूर केलेली देयके आमच्याकडे वटत. एरवी शनिवारी दुपारी शटर खाली येई; पण वर्षअखेर असल्याने शाखा रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा हुकूम होता. काउंटरपलीकडे निरनिराळ्या खात्यांचे कारकून देयकांची भेंडोळी घेऊन उभे होते. एस.टी. स्टँडवर गणपतीच्या आदल्या दिवशी असते तशी ती गर्दी होती. रात्री साडेनऊच्या सुमारास एका पोलीस कार्यालयाच्या लेखा शाखेतले हेडक्लार्क घामाघूम होऊन आले. गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. बिनतारी संदेशयंत्रांच्या बॅटऱ्या आणि चार्जर यांसाठी आलेले अनुदान त्यांच्या हातात होते. अनुदानाचा आदेश त्यांच्या टेबलावर पोहोचला होता मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात.

"साहेब, आज ड्राफ्ट निघाला नाही तर पैसे परत जातील," ते म्हणाले.

"माल आला का?" मी विचारले.

"माल येईल हो. आधी पैसे तर वाचवू."

ड्राफ्ट निघाला. पुरवठादाराच्या नावाचा तो कागद भाऊसाहेबांनी आपल्या कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवला, आणि सरकारदरबारी ती रक्कम त्या रात्री 'खर्च' झाली. माझ्या शाखेतल्या सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. एक काम वेळेत झाले म्हणून मी स्वत:वर खूषही झालो.

सप्टेंबरच्या अखेरीस तोच ड्राफ्ट पुन्हा माझ्या टेबलावर आला. त्या काळी ड्राफ्टची मुदत सहा महिन्यांची असे. ती संपत आली होती आणि माल अजून यायचाच होता. मुदत वाढवून द्या, असा अर्ज सोबत होता. म्हणजे सहा महिने ती रक्कम ना सरकारकडे होती ना पुरवठादाराकडे. ती आमच्या बँकेकडे बिनव्याजी पडून होती. भाऊसाहेब त्या दिवशी चहा घेता घेता सहज बोलून गेले. जुलैमध्ये मोठा पाऊस झाला, तेव्हा आडबाजूच्या एका दूरक्षेत्राचे बिनतारी यंत्र बॅटरी नसल्याने बंद होते. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेल्याचा निरोप घेऊन एका शिपायाला रात्री सायकल मारत ठाण्यापर्यंत यावे लागले. तोवर दोन एस.टी. गाड्या पाण्याच्या अलीकडे-पलीकडे अडकल्या होत्या आणि त्यांतली बायामाणसे, पोरेबाळे रात्रभर उपाशी बसून होती. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीब. पण सरकारी कागद पाहिला तर त्या बॅटऱ्यांचे पैसे मार्चमध्येच खर्च झाले होते, आणि त्या कागदाच्या पाठीशी माझी सही होती.

ही जुनी आठवण उगाळण्याचे कारण असे की, पोलिसांच्या आधुनिकीकरणाचा विषय निघाला की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: "आता सगळे ऑनलाइन आहे." अनुदान ऑनलाइन येते, ऑनलाइन वाटले जाते, त्याचा हिशेबही ऑनलाइन दिला जातो, मग गडबड होईलच कशी? संगणकाचा मी शत्रू नाही. बँकेत त्याचे आगमन मी जवळून पाहिले आहे आणि त्याचे गुणही गाईन. परंतु संगणकाला आपण विचारतो काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्यासाठी हे अनुदान कोणत्या वाटेने जाते ते थोडे समजून घेऊ.

अनुदानाची वाट

आपल्या राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्यांचा विषय. पण राज्यांची तिजोरी पगारातच रिकामी होते. वाहने, शस्त्रे, संदेशयंत्रे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांसाठी हात आखडता राहतो. म्हणून केंद्र सरकारने १९६९-७० पासून पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची योजना चालवली. रकमा पुढे वाढत गेल्या. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपयांची व्यापक योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी २६,२७५ कोटींची. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या बाबतीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे प्रमाण राहिले आहे.

राज्याने आपला वार्षिक कृती आराखडा पाठवायचा, दिल्लीने तो तपासून मंजूर करायचा, मग पैसे सुटायचे. मात्र आधीच्या पैशांचा हिशेब दिल्याशिवाय पुढचे पैसे सुटत नाहीत. हिशेब द्यायचा तर खरेदी झाली पाहिजे. खरेदी व्हायची तर निविदा, दरपत्रके, तांत्रिक तपासणी हे सारे सोपस्कार पार पडले पाहिजेत. त्यात महिने जातात. हिशेब लांबला की पुढचे अनुदान लांबते. लांबलेले अनुदान वर्षाच्या शेवटी येऊन पडते. मग मार्चची धावपळ, घाईची खरेदी किंवा खरेदीचा नुसता देखावा, आणि पुन्हा हिशेबाला उशीर. बैल घाण्याला जुंपावा तसा हा फेरा आहे.

त्याचे फळ काय? २०१५-१६ या वर्षी केंद्र आणि राज्ये यांनी मिळून आधुनिकीकरणासाठी ९,२०३ कोटी रुपये ठेवले होते. त्यांतले खर्च झाले केवळ १४ टक्के. घरातल्या कुणाला औषधासाठी शंभर रुपये दिले आणि संध्याकाळी त्याने चौदा रुपयांच्या गोळ्या आणल्या, तर आपण विचारू: औषध नको होते, की दुकान सापडले नाही? पोलिसांच्या बाबतीत औषध नको होते असे कोण म्हणेल?

प्रमाणपत्रातील रिकाम्या ओळी

अनुदान खर्च झाल्यावर जो हिशेब द्यायचा, त्याला उपयोगिता प्रमाणपत्र म्हणतात. जुन्या वित्तीय नियमांत त्याचा नमुना '१९-अ' या नावाने सरकारी कारकुनांच्या तोंडी बसलेला होता. २०१७च्या नियमांत राज्य सरकारांसाठी '१२-क' हा नमुना आला. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत हे प्रमाणपत्र द्यायचे असते.

हा नमुना मोठा वाचनीय आहे. वर रकमा: किती मंजूर झाली, किती खर्च झाली, किती उरली. खाली सही करणारा अधिकारी असे प्रमाणित करतो की, ज्या कारणासाठी पैसे मिळाले त्याच कारणासाठी ते वापरले गेल्याची त्याने स्वत: खात्री करून घेतली आहे. आणि त्याच्या खाली, ही खात्री करण्यासाठी कोणत्या तपासण्या केल्या ते लिहायला क्रमांक घातलेल्या रिकाम्या ओळी असतात. ज्याने कोणी हा नमुना पहिल्यांदा तयार केला, तो माणूस शहाणा असला पाहिजे. नुसत्या सहीवर त्याचा विश्वास नव्हता. तू काय पाहिलेस ते सांग, असे तो विचारत होता.

त्या ओळींत काय भरले जाते? भाऊसाहेबांच्या टेबलावर मी ते पाहिले आहे. एक: रोकडवही. दोन: प्रमाणके. तीन: कोषागाराशी ताळमेळ. तिन्ही गोष्टी खऱ्या, पण तिन्ही कागदावरच्या. 'चार: ठाण्यात जाऊन वस्तू पाहिली', असे लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात आले नाही.

ती चौथी ओळ रिकामी राहिली तर काय होते, याचा दाखला नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या अहवालांत मिळतो. राजस्थान पोलिसांच्या २००९ ते २०१४ या काळाची तपासणी झाली, तेव्हा आधुनिक शस्त्रांची गरजेच्या मानाने ७५ टक्के तूट आढळली. हे एक वेळ समजू शकते. पैसा कमी पडला असेल, म्हणता येईल. पण त्याच तपासणीत पुढे असे निघाले की, जी शस्त्रे खरेदी झाली होती त्यांतलीही ५९ टक्के पोलीस ठाण्यांपर्यंत गेलीच नव्हती. ती वाटपाविना पडून होती. म्हणजे एकीकडे ठाण्यातला शिपाई जुन्या शस्त्रावर भागवतो आहे आणि दुसरीकडे त्याच्या नावची नवी बंदूक कुठल्या तरी कोठारात बांधलेली आहे. पैशाचा हिशेब विचाराल तर तो चोख. पैसे बंदुकांसाठी मिळाले, बंदुकांवरच खर्च झाले.

गुजरातचा दाखला आणखी निराळा. पोलिसांसाठी उपग्रहावर आधारलेले 'पोलनेट' हे संदेशजाळे देशभर उभारायचे ठरले होते. गुजरातमध्ये ऑक्टोबर २०१५ पर्यंत ते चालूच झाले नव्हते. कारण जनित्रे आणि काही आवश्यक सामग्री बसवली गेली नव्हती. शिवाय बिनतारी चालकांसारख्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांपैकी ४० ते ५० टक्के रिकामीच होती. येथे योजना होती, तिच्यासाठी पैसा होता, पण तो संदेश कानी पडेल अशी व्यवस्था नव्हती.

यंत्र जुळवते, विचारत नाही

आता संगणकाकडे वळू. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि पुढच्या काही वर्षांत शाखाशाखांतून लेजर लिहिणारी यंत्रे येऊ लागली. आमच्या शाखेत यंत्र आले तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. नंतर खरे काम सुरू झाले. वर्षानुवर्षांच्या हाताने लिहिलेल्या खातेवह्यांतल्या शिलका यंत्रात भरायच्या होत्या. बेरीज काही जुळेना. थोडाफार फरक प्रत्येक शाखेत असे. तो शोधायला महिने लागले असते. वरून तारखेचा तगादा होता. मग आम्ही काय केले? फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकली आणि यंत्र सुरू केले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र रोज संध्याकाळी पैशापैशापर्यंत जुळलेला ताळेबंद छापून देऊ लागले. आमचे व्यवस्थापक तो कागद कौतुकाने सगळ्यांना दाखवत. त्या कागदावर उचंत खात्याची रक्कमही रोज तितक्याच सुबक अक्षरांत छापून येई. ती कुठून आली, हे यंत्राने एकदाही विचारले नाही. आम्ही त्याला तसे विचारायला शिकवलेच नव्हते. जुनी हाती वही निदान खाडाखोड दाखवत असे. कुठे तरी पाणी मुरते आहे हे तिच्या तोंडावर दिसे. छापील कागदाने ते डागही पुसून टाकले. पुढे एका जुन्या, खडूस म्हणून प्रसिद्ध असलेल्या निरीक्षकांनी आठ दिवस ठाण मांडून तो फरक शोधायला लावला, तेव्हा कळले की दोन ठेवीदारांची खाती एकमेकांत मिसळली होती. त्यांतल्या एक विधवा बाई होत्या. आपले पैसे कमी लागतात, असे त्या वर्षभर सांगत होत्या आणि आम्ही त्यांना यंत्राचा कागद दाखवत होतो.

सरकारी अनुदानांच्या बाबतीतही संगणकाने बरेच काम केले आहे आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. २००८-०९ मध्ये नियोजन आयोगाच्या योजनेतून केंद्रीय अनुदानांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली सुरू झाली. तीच पुढे सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, 'पीएफएमएस', म्हणून देशभर पसरली. महाराष्ट्रात अर्थसंकल्पातील तरतुदीचे वाटप 'बीम्स' या प्रणालीवर होते. कोणत्या कार्यालयाला किती निधी मिळाला ते त्यात दिसते. १ जुलै २०२१ पासून आणखी एक शिस्त आली. केंद्रपुरस्कृत प्रत्येक योजनेसाठी राज्याने एकच मध्यवर्ती संस्था नेमायची, तिचे एकच मुख्य बँक खाते ठेवायचे, आणि खालच्या कार्यालयांच्या खात्यांत शिल्लक न ठेवता लागेल तेवढेच पैसे उचलायचे. २०२३ मध्ये 'स्पर्श' नावाची व्यवस्था आली. तीत पैसा रिझर्व्ह बँकेकडेच राहतो आणि देणे द्यायच्या वेळी नेमका सुटतो.

ज्यांनी १९९० सालचा तो ड्राफ्ट काढून दिला, त्या माझ्यासारख्याला या सुधारणांचे मोल पुरेपूर कळते. सरकारच्या पैशावर बँकांनी बिनव्याजी बसायचे, हा खेळ त्यामुळे आवळला गेला. पैसा आत्ता कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर आज मिळू शकते.

पण ते उत्तर पुरवठादाराच्या खात्यात पैसे जमा झाले की संपते. तेथून पुढे वस्तूचा प्रवास सुरू होतो आणि त्या प्रवासाला संगणकाच्या हिशेबात जागा नाही. कोठारात पडलेल्या राजस्थानच्या बंदुकांची देणी जर आजच्या प्रणालीतून दिली गेली असती, तर पडद्यावर सारे काही वेळेवर आणि बिनचूक दिसले असते. आमच्या शाखेतल्या त्या सुबक ताळेबंदासारखे!

अमेरिकेचाही अनुभव

हे फक्त आपल्याकडेच होते, असे मानून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९४ साली क्लिंटन यांच्या कारकिर्दीत गुन्हेगारीविरोधी मोठा कायदा झाला. रस्त्यावर एक लाख जादा पोलीस आणायचे म्हणून सहा वर्षांत ८.८ अब्ज डॉलर्स गावोगावच्या पोलीस खात्यांना अनुदान म्हणून द्यायचे ठरले. त्यांतला एक भाग संगणक व इतर साधनांसाठी होता. त्यामागचा हिशेब मोठा चतुर होता. पोलिसाला संगणक दिला की त्याचे लिखापढीचे तास वाचतील. वाचलेले तास त्याने रस्त्यावर, लोकांत घालवावेत. म्हणजे नवा माणूस न नेमताही पोलीस वाढल्यासारखेच झाले!

१९९९ साली तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी या अनुदानांच्या तपासणीचा गोषवारा प्रसिद्ध केला. साधनांसाठी अनुदान घेतलेल्या ६७ पोलीस खात्यांपैकी ५२ खात्यांना एक तर वाचलेल्या वेळातून पोलीस रस्त्यावर आणल्याचे दाखवता आले नाही, किंवा त्याची नोंद ठेवण्याची काही व्यवस्था आपल्याकडे आहे हेच दाखवता आले नाही. संगणक मिळाले, पैसेही खर्च झाले. ज्यासाठी ते घेतले त्याची मात्र कुठे नोंद नव्हती. नोंद ठेवणारे यंत्र विकत घेतले आणि नोंद ठेवायचीच राहिली, असा हा प्रकार.

मग करायचे काय?

माझ्या मते प्रश्न नव्या यंत्रांचा नाही. २००९ साली केंद्राने २,००० कोटी रुपयांचा 'सीसीटीएनएस' प्रकल्प मंजूर केला. देशभरातली सुमारे १४,००० पोलीस ठाणी आणि ६,००० वरिष्ठ कार्यालये एका जाळ्यात आणण्याचा तो बेत होता. गुन्ह्यांच्या नोंदीसाठी का होईना, संगणक ठाण्यापर्यंत गेला आहे. त्याच पडद्यावर अनुदानाची वही उघडायला कितीसा खर्च येणार?

पहिली गोष्ट, मंजूर झालेल्या प्रत्येक अनुदानाला एक क्रमांक असावा आणि तो क्रमांक शेवटपर्यंत वस्तूच्या अंगावर राहावा. सरकारी खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने वर्ष आणि नोंद क्रमांक लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तोच क्रमांक दिल्लीच्या मंजुरीपत्रावर, मुंबईच्या खरेदी आदेशावर आणि तालुक्याच्या ठाण्यातल्या चार्जरवर असेल, तर मधला कुठलाही दुवा दडवता येणार नाही.

दुसरी गोष्ट बँकेतून शिकण्यासारखी. बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून मान्य करणारा दुसरा असतो. कोठाराच्या कारकुनाने 'वस्तू पाठवली' असे लिहिले म्हणजे ती पोहोचली असे होत नाही. ज्या ठाण्यासाठी ती होती, तिथल्या अंमलदाराने 'मिळाली' अशी नोंद केली तरच प्रमाणपत्राला आधार मिळावा. 'मिळाली नाही' अशी नोंद करण्याचाही त्याला अधिकार हवा, आणि तशी नोंद केल्याबद्दल त्याची दूरच्या ठाण्यात बदली होणार नाही, याची हमीही. हे लिहायला सोपे आहे. शिस्तीच्या खात्यात हाताखालच्या माणसाने वरच्याच्या कागदाला नाही म्हणणे किती कठीण, हे मी जाणतो.

तिसरी गोष्ट, नोंद एकदाच करून थांबू नये. वर्षातून दोनदा वस्तू चालते की नाही ते लिहावे. चालत नसेल तर का, तेही: सुटा भाग नाही, डिझेल नाही, चालवणारा माणूस नाही. गुजरातचे संदेशजाळे जनित्रांवाचून बंद राहिल्याचे कॅगचे लोक येऊन सांगेपर्यंत वाट का पाहायची? राजस्थानच्या तपासणीत तर पाच वर्षांचा काळ एकदम तपासला गेला. लेखापरीक्षण नेहमी मागून येते, ते त्याचे कामच आहे. पण चालू महिन्यात काय बंद पडले आहे, हे सांगणे संगणकाला जमण्यासारखे आहे. त्यासाठीच तर तो घेतला!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला गुप्ततेचा. कोणत्या ठाण्यात किती शस्त्रे आहेत हे चव्हाट्यावर कसे मांडायचे? मांडू नयेच. शस्त्रांचा तपशील खात्यापुरता राहू द्या. परंतु जीप, जनित्र, संगणक, महिला पोलिसांसाठी बांधलेली विश्रांतीची खोली यांत गुप्त असे काय आहे? ठाण्याच्या फलकावर आपण अधिकाऱ्यांची नावे लावतो; तशी या वर्षी ठाण्याला काय मिळाले याची यादी लावली तर कोणत्या चोराचा फायदा होणार आहे?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पोलीस आधीच कामाने वाकले आहेत. बंदोबस्त, तपास, कोर्टाच्या तारखा यांतून त्यांनी आणखी एक वही भरायची? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणून नोंदी थोड्या असाव्यात. आज एकच माहिती चार नमुन्यांत, चार कार्यालयांना पाठवावी लागते. क्रमांक एक झाला तर त्यांतले तीन नमुने बंद करता येतील. नवी वही सुरू करताना जुन्या तीन बंद केल्या नाहीत, तर ती नोंद खोटी भरली जाईल, हे बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाकडून ऐकून ठेवावे.

भाऊसाहेबांविषयी थोडे सांगायचे राहिले. त्या सप्टेंबरनंतर त्यांनी एक वही सुरू केली. सरकारी नव्हे, मुलांच्या शाळेची असते तशी दोनशे पानी. त्यात त्यांनी हाताने तीन रकाने आखले होते: 'पैसे आले', 'वस्तू पोहोचली', 'वस्तू चालते'. जिल्ह्यातल्या ठाण्यांचे शिपाई पगारपत्रकाच्या कामाला आले की ते त्यांना चहा पाजत आणि तिसरा रकाना भरून घेत. वरिष्ठांपैकी कुणी तशी वही ठेवायला सांगितले नव्हते. मी एकदा ती चाळली. पहिला रकाना भरगच्च होता, दुसरा निम्मा, आणि तिसऱ्यात जागोजागी पेन्सिलीने 'बंद' असे बारीक अक्षरांत लिहिले होते. पेन्सिलीने का, असे मी विचारले. "चालू झाले की खोडायला बरे," ते म्हणाले.

ते निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांच्याकडून टेबलाच्या किल्ल्या, शिक्के आणि कुलपे मोजून परत घेतली. ती वही मात्र कुणी मागितली नाही. ती कोणत्याच दप्तराच्या यादीत नव्हती, म्हणून ते ती घरी घेऊन गेले.

आज हजारो कोटींच्या अनुदानांचा पहिला रकाना संगणक बिनचूक भरतो आहे. उरलेले दोन रकाने भरल्याशिवाय उपयोगिता प्रमाणपत्रावर कुणी सही करू नये, एवढाच नियम केला तरी पुष्कळ होईल. पुढच्या ३१ मार्चच्या रात्री आपापल्या जिल्ह्यात कुणी तरी ते प्रमाणपत्र लिहीत बसलेले असेल. त्याच्यापुढे त्या क्रमांक घातलेल्या ओळी असतील. आणि कुठल्या तरी दूरक्षेत्रात एखादा शिपाई बिनतारी यंत्राचे बटण दाबून पाहत असेल.